दुधाळ जनावरांच्या नर वासरांचे मांसासाठी संगोपन व आहार : नेकनूर परिसरातील रेडकांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

बीडहून मांजरसुंबामार्गे केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नेकनूर हे बालाघाटच्या पठारावरचे बाजारपेठेचे गाव आहे. येथील आठवडी बाजार जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी पंचक्रोशीत परिचित आहे. अशा बाजारात दुभत्या म्हशीचा भाव तिच्या कासेवरून, वेतावरून आणि दोन वेळच्या दुधावरून ठरतो. वगारीला तिच्या आईच्या दुधावरून किंमत येते. बैलाचे दात पाहिले जातात, खांदा पाहिला जातो. मात्र म्हशीसोबत दोरीला बांधून आणलेल्या आठ-पंधरा दिवसांच्या रेडकाचा वेगळा भाव सहसा कोणी विचारत नाही. ते म्हशीबरोबर 'जाते'. म्हैस पान्हा सोडेपर्यंत त्याची गरज असते आणि पुढे त्याचे काय झाले, याची नोंद कोणत्याही वहीत राहत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हे नोंद नसलेले जनावर आहे. दुग्धव्यवसायात जन्मणाऱ्या वासरांपैकी साधारण निम्मी नर असतात. युरोप-अमेरिकेत दुधाळ जातींची ही नर वासरे वाढवून मांसासाठी विकणे हा दुग्धव्यवसायाचाच जोडधंदा आहे. महाराष्ट्रात हा मार्ग गाईच्या गोऱ्ह्यासाठी कायद्याने बंद आहे, तर म्हशीच्या रेडकासाठी काही अटींवर खुला आहे. खुला असूनही तो फारसा वापरला जात नाही. याचे कारण मांसाच्या बाजारात नसून रेडकाच्या आयुष्यातील पहिल्या साठ दिवसांत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुधाचा हिशोब आणि रेडकाचे मरण :

जन्मतः रेडकाचे वजन साधारणपणे 30 किलोच्या आसपास असते. पहिल्या महिन्यात वजनाच्या एकदशांश व दुसऱ्या महिन्यात एकपंधरांश दूध पाजावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यानुसार पहिल्या महिन्यात रोज 3 लिटर म्हणजे 90 लिटर आणि दुसऱ्या महिन्यात वजन 40 किलो धरून सुमारे 80 लिटर, असे एकूण 170 लिटर दूध लागते. हिशोबाच्या सोयीसाठी म्हशीच्या दुधाचा दर लिटरला 50 रुपये धरला, तर हे दूध 8,500 रुपयांचे होते. ज्या जनावराला बाजारात स्वतंत्र किंमत नाही, त्याच्या पोटात इतक्या रकमेचे दूध कोण घालील? दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या, वर्षातील काही महिने ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने ते घालावे, अशी अपेक्षाही न्याय्य ठरत नाही.

त्यामुळे रेडकाला चार सड चाटायला मिळतात, पान्हा आला की ते ओढून बाजूला बांधले जाते आणि धार काढून झाल्यावर रिकाम्या कासेला पुन्हा सोडले जाते. यास कोणी क्रूरपणा म्हणेल. परंतु तो दुधाच्या दरातून आलेला व्यवहार आहे. अशा अर्धपोटी रेडकाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत हगवण किंवा जंत गाठतात आणि ते मरते. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात भुसा भरून ते म्हशीपुढे उभे करण्याची रीत जुनी आहे. अलीकडे काही ठिकाणी पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनची सुई टोचली जाते. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीस अपायकारक असे कोणतेही द्रव्य टोचणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमानुसार गुन्हा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

रेडकाच्या या नुकसानीची दखल शासनानेही घेतली होती. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (2007-2012) केंद्र शासनाने नर रेडकांचे जतन व संगोपन करण्याची स्वतंत्र योजना आखली. मरू दिले जाणारे रेडकू वाढवले, तर मांस, कातडे आणि शेतकऱ्याचे उत्पन्न या तिन्ही बाबी साधतात, हा तिचा आधार होता.

कायद्याची चौकट :

येथे कायद्याचा विचार आधी करणे आवश्यक आहे, कारण आहाराचे सारे शास्त्र त्यानंतरच उपयोगी पडते. महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियम, 1976 मध्ये 'गाय' या संज्ञेत कालवड आणि गाईचे नर वा मादी वासरू यांचाही समावेश आहे. म्हणजे होल्स्टिन किंवा जर्सी संकरित गाईचा गोऱ्हा कत्तलीसाठी विकण्याचा मार्ग मूळ कायद्यानेच बंद होता. विधिमंडळाने 1995 मध्ये संमत केलेल्या सुधारणेस फेब्रुवारी 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. मार्च 2015 पासून वळू आणि बैल यांच्या कत्तलीसही बंदी आली. या तरतुदीचा भंग केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये ही बंदी वैध ठरवली. परराज्यात कत्तल झालेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र न्यायालयाने रद्द केले.

म्हैस व रेडकू यांच्यावर सरसकट बंदी नाही. त्यांच्या कत्तलीपूर्वी सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. जनावर शेतीकाम, पैदास किंवा दूध यांसाठी उपयोगी आहे वा पुढे होण्याचा संभव आहे काय, हे त्यात तपासले जाते. भारतातून निर्यात होणारे मोठ्या जनावरांचे मांसही म्हैसवर्गीयच असते. गाय, बैल व त्यांची वासरे यांच्या मांसाच्या निर्यातीस मनाई आहे. म्हणून यापुढील विवेचन केवळ म्हशीच्या नर रेडकापुरते मर्यादित आहे. गोऱ्ह्याचा प्रश्न शेवटी पाहू.

चीक आणि पहिले दोन महिने :

म्हशीच्या गर्भाशयातून रेडकाकडे रोगप्रतिकारक द्रव्ये जात नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात. आतड्यांची ही द्रव्ये जशीच्या तशी शोषून घेण्याची क्षमता जन्मानंतर तासागणिक घटते आणि चोवीस तासांत जवळजवळ संपते. त्यामुळे वार पडण्याची वाट पाहत रेडकाला ताटकळत ठेवण्याची पद्धत चुकीची आहे. जन्मानंतर तासा-दोन तासांत त्याला दीड-दोन लिटर चीक मिळाला पाहिजे आणि पहिल्या दिवसभरात वजनाच्या एकदशांश. नाळ कापून तिला टिंक्चर आयोडीन लावावे. आपल्याकडे चिकाचा खरवस होतो, त्याचे भांडे शेजारीपाजारी फिरते आणि हल्ली गावाबाहेर विकलेही जाते. खरवसास प्रस्तुत लेखकाचा विरोध नाही. म्हशीला चीक रेडकाच्या गरजेपेक्षा अधिक असतो. फक्त पहिल्या दोन धारांवर घरच्यांआधी रेडकाचा हक्क मानला जावा.

त्यानंतरचा खर्च कमी करण्याचे शास्त्र सोपे आहे. जन्मलेल्या रेडकाचे पोट चार कप्प्यांचे असले, तरी काम एकच कप्पा करतो. प्यालेले दूध अन्ननलिकेच्या टोकाशी असलेल्या खाचेतून पहिल्या मोठ्या कप्प्याला वगळून थेट चौथ्या कप्प्यात उतरते. पहिला कप्पा, म्हणजे रवंथ करणारे पोट, तेव्हा लहान व निष्क्रिय असतो. तो वाढतो कोरड्या खुराकाने. दाण्याच्या आंबण्यातून तयार होणारी आम्ले त्याच्या अस्तराला चालना देतात. दूध पुष्कळ आणि खुराक नाही, अशा रेडकाचे हे पोट उशिरा तयार होते. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून रेडकापुढे मूठभर भरड खुराक ठेवावा. आधी ते हुंगेल, सांडेल, मग चाटेल. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस ते रोज अर्धा-पाऊण किलो खुराक खाऊ लागले की दूध बंद करता येते.

हा खुराक घरी करता येतो. शंभर किलोसाठी मक्याची भरड 45, शेंगदाणा पेंड 30, गव्हाचा भुसा 15, तूर किंवा हरभऱ्याची चुनी 7, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो घेतल्यास सुमारे 20 टक्के प्रथिने मिळतात. आपल्याकडे सरकी पेंड सहज मिळते, पण तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य रवंथ न करणाऱ्या कोवळ्या वासराला अपायकारक असते. तीन-चार महिन्यांपर्यंत ती टाळावी. शेंगदाणा पेंडीला बुरशीचा वास येत असेल, तर ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

पंधराव्या दिवसानंतर म्हशीच्या दुधाऐवजी दूधपर्यायी भुकटी पाजता येते. वरील हिशोबातील पहिल्या पंधरा दिवसांचे 45 लिटर दूध म्हशीचेच ठेवले, तर त्याची किंमत 2,250 रुपये होते. उरलेल्या 125 लिटरसाठी लिटरला 125 ग्रॅम याप्रमाणे सुमारे साडेपंधरा किलो भुकटी लागेल. ती किलोला 200 रुपये दराने धरली, तर सुमारे 3,100 रुपये. एकूण खर्च 8,500 वरून 5,350 पर्यंत येतो. दर बदलतील तसे आकडे बदलतील, रीत तीच राहील. भुकटी कोमट पाण्यात, रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या प्रमाणात आणि धुतलेल्या भांड्यातून पाजली नाही, तर मात्र वाचलेले पैसे औषधात जातात.

जंत :

रेडकांच्या मृत्यूचे एक कारण इतके नेमके आहे की त्याचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक वाटतो. टॉक्सोकॅरा व्हिट्युलोरम या गोल जंताच्या अळ्या म्हशीच्या शरीरात सुप्त असतात आणि व्याल्यानंतर चीक-दुधातून रेडकाच्या पोटी जातात. म्हणजे गोठा कितीही स्वच्छ ठेवला, तरी रेडकाला जंत आईकडूनच येतात. दोन-तीन आठवड्यांत पोट सुटते, अंगावरचे केस उभे राहतात, करडी, चिखलासारखी दुर्गंधीयुक्त हगवण लागते आणि रेडकू माती चाटू लागते. 'दृष्ट लागली' म्हणून उतारा केला जातो तो बहुधा याच वेळी. वस्तुतः दहाव्या ते पंधराव्या दिवशी पायपरेझिनसारखे जंतनाशक वजनाप्रमाणे दिले आणि पंधरा दिवसांनी त्याची पुनरावृत्ती केली, तर हा धोका फार मोठ्या प्रमाणात टळतो. पुढे सहा महिन्यांपर्यंत पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे. रेडकाच्या संगोपनात इतक्या कमी खर्चात इतका लाभ देणारे दुसरे काम नाही.

तिसऱ्या महिन्यानंतर :

दूध तुटल्यावर रेडकाकडे दुर्लक्ष होण्याची दुसरी वेळ येते. त्याला म्हशीच्या गव्हाणीतील उरलेला कडबा मिळतो. अशा आहारावर ते जगते, पण वाढत नाही. दूध तोडताना 60 किलोचे असलेले रेडकू रोज 200 ग्रॅमने वाढले, तर वर्षभरात त्याचे वजन 130 किलोच्या आसपास राहील. तेच 500 ग्रॅमने वाढले, तर 240 किलोच्या वर जाईल. गोठ्यातील जागा व राखणदाराचा वेळ दोन्ही ठिकाणी सारखाच लागतो आणि पाणीही फार वेगळे नाही. फरक आहे तो दिवसाच्या दीड किलो खुराकाचा.

150 किलो वजनाच्या रेडकाला दररोज सुमारे चार किलो शुष्क आहार लागतो. दीड किलो खुराक, दोन किलो कडबा कुट्टी आणि चार किलो हिरवा चारा यातून तो भागतो. या वयात सरकी पेंड चालते. मक्याची भरड 35, सरकी पेंड 25, तूर चुनी 20, गव्हाचा भुसा 17, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1 असे मिश्रण पुरेसे आहे. बीड जिल्ह्यात रब्बी ज्वारी होते. तिचा कडबा हा येथील पशुपालनाचा कणा आहे. तो अखंड टाकल्यास जाड धांडे पायाखाली जातात, कुट्टी केल्यास वाया जात नाहीत. सोयाबीनचे भूस किंवा गव्हाचे काड निकृष्ट असले, तरी 100 किलोला 4 किलो युरिया 40 ते 50 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा, थर दाबून प्लॅस्टिकखाली 21 दिवस हवाबंद ठेवावेत. असा चारा उघडून तास-दोन तास हवेत ठेवल्यावर द्यावा. सहा महिन्यांखालील रेडकांना तो देऊ नये आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागेल असे कधीही ठेवू नये. ज्वारीचे कोवळे किंवा पाण्याअभावी खुरटलेले पीक विषारी असते. अवर्षणाच्या भागात ही चूक दरवर्षी जनावरांच्या जिवावर बेतते.

ऊसतोडीच्या हंगामात वाढे स्वस्त मिळतात आणि अनेकदा त्यांच्यावरच जनावरे काढली जातात. वाढ्यांत प्रथिने कमी असतात आणि त्यातील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शिअम बांधून ठेवते. दुसरीकडे गव्हाच्या भुशात फॉस्फरस अधिक असतो. या दोहोंचा मेळ, त्यात उन्हाळ्यातील पाण्याची टंचाई, यांतून नर जनावरात मूतखड्याचा विकार उद्भवू शकतो. नराची मूत्रनलिका अरुंद व वळणाची असल्याने खडा तेथेच अडकतो. रेडकू शेपटी उचलून कुंथते, पाय झाडते आणि मालकाला वाटते पोट दुखते आहे. वगारीला सहसा न होणारा हा आजार रेडके पुष्ट करण्याच्या धंद्यात डोके वर काढतो, म्हणून खनिज मिश्रणात कॅल्शिअमचे प्रमाण फॉस्फरसच्या दुप्पट राखणे, वाढ्यांबरोबर कडबा व द्विदल चारा देणे आणि पाणी कमी न पडू देणे हे उपाय आरंभापासूनच हवेत.

पाण्याचा प्रश्न पिण्यापुरता नाही. म्हशीच्या काळ्या कातडीत घामाच्या ग्रंथी थोड्या असतात. दाट सावली व अंगावर पाणी मिळाले नाही, तर एप्रिल-मे महिन्यांत रेडकू खाणे कमी करते आणि आधीच्या महिन्यांत आलेले वजन उतरते. ज्या वर्षी टँकर सुरू होतात त्या वर्षी रेडके उन्हाळ्यापूर्वी विकणे शहाणपणाचे ठरते. 2019 च्या चारा छावण्यांचा अनुभव या जिल्ह्याला नवीन नाही.

अन्य देशांची रीत येथे उचलून आणता येत नाही, हेही स्पष्ट करावे लागेल. 1960 च्या सुमारास स्कॉटलंडमधील रोवेट संस्थेत प्रेस्टन यांनी दुधाळ जातीची नर वासरे जवळजवळ केवळ जवावर वाढवून वर्षाच्या आत मांसासाठी तयार करण्याची पद्धत विकसित केली. तेथे धान्य स्वस्त आणि मांसाला भाव होता. येथे ज्वारी-मका माणसाच्या व कोंबडीच्या स्पर्धेत आहे. नेदरलँड्ससारख्या देशांत केवळ दुधाच्या भुकटीवर, लोह कमी ठेवून, फिकट मांसाची वासरे वाढवली जात. युरोपीय संघाने आठ आठवड्यांवरील वासरांना एकेकट्या खोक्यात कोंडण्यास 2007 पासून पूर्ण मनाई केली आणि आहारात तंतुमय चारा सक्तीचा केला. आपल्या कोरडवाहू भागास कडबा, चुनी आणि पेंडीवर पंधरा ते अठरा महिन्यांत वाढणारे रेडकूच परवडू शकते.

विक्री :

जिवंत वजनाच्या साधारण निम्मे मांस रेडकापासून मिळते. तरुण रेडकाचे मांस कोवळे व कमी चरबीचे असते. तरीही आपल्या बाजारात वजनावर भाव करण्याची रीत क्वचितच आढळते. व्यापारी नजरेने अंदाज बांधतो, रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो आणि वजनाचा अंदाज ज्याचा पक्का त्याचा फायदा होतो. शेतकऱ्याने निदान छातीचा घेर मोजून वजन काढावयास शिकले पाहिजे. छातीच्या घेराचा इंचांतील वर्ग गुणिले शरीराची इंचांतील लांबी, भागिले 660, हे सूत्र किलोतील वजन बऱ्यापैकी सांगते. घेर 50 इंच व लांबी 48 इंच असेल, तर वजन सुमारे 182 किलो. एवढा आकडा मनात असला, तरी रुमालाखालचा सौदा बदलतो.

कागदपत्रांचे महत्त्व आता भावापेक्षा कमी नाही. जून 2024 पासून महाराष्ट्रात कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर व वाहतुकीवर निर्बंध आले. रेडके बिल्ल्यावाचून राहण्याचा संभव अधिक, कारण ते जगेल असे कोणी धरलेलेच नसते. लाळ्या-खुरकूत, घटसर्प व फऱ्या यांच्या लसीकरणाची नोंदही त्या बिल्ल्यावरच राहते. 2022 मध्ये लम्पी त्वचारोगामुळे जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. 2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये वाहतुकीत होणारा त्रास व जप्तीच्या तक्रारी मांडत राज्यातील कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदी बंद ठेवली, तेव्हा म्हशींच्या व्यवहारालाही त्याची झळ बसली. म्हशीचा व्यापार कायदेशीर असला, तरी रस्त्यावर गाडी अडवली गेली की व्यापारी त्या जोखमीची किंमत शेतकऱ्याच्या भावातूनच वजा करतो. रेडकू वाढवण्यास उद्युक्त करणाऱ्या प्रत्येक सल्ल्यात हा खर्च धरला गेला पाहिजे. तो बहुधा धरला जात नाही.

गोऱ्ह्याचा प्रश्न :

उरला तो संकरित गाईचा गोऱ्हा. खांदा नसल्याने तो औताला फारसा चालत नाही, पैदाशीस प्रत्येक गोऱ्हा लागत नाही आणि मांसासाठी तो विकता येत नाही. देवणी किंवा लाल कंधारीच्या गोऱ्ह्याला निदान बैल म्हणून गिऱ्हाईक आहे. होल्स्टिनच्या गोऱ्ह्याला तेही नाही. 2012 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैलांची संख्या सुमारे 1 कोटी 55 लाख होती, ती 2019 मध्ये सुमारे 1 कोटी 40 लाखांवर आली. म्हशींची संख्या मात्र 56 लाखांच्या आसपास स्थिर राहिली. यांत्रिकीकरण, दुष्काळ व कायदा यांपैकी कशाचा वाटा किती, हे केवळ या आकड्यांवरून ठरवता येणार नाही.

गोऱ्ह्यासाठी आज उपलब्ध असलेला व्यवहार्य उपाय त्याच्या जन्माआधीचा आहे. लिंगनिर्धारित रेतमात्रेने कृत्रिम रेतन केल्यास जन्मणाऱ्या वासरांत सुमारे 90 टक्के माद्या असतात. अशा रेतमात्रा राज्यात मिळतात आणि राष्ट्रीय गोकुळ अभियानातून त्यांवर अनुदान दिले गेले आहे. साध्या रेतमात्रेपेक्षा त्यांत शुक्राणू कमी असल्याने गाभण राहण्याचे प्रमाण काहीसे घटते, म्हणून त्या प्रथम कालवडींत व चांगल्या प्रकृतीच्या गाईंत, माज नेमका ओळखून वापराव्यात. मुऱ्हा म्हशीसाठीही त्या मिळतात. ज्याला रेडकू वाढवण्यास चारा नाही, पाणी नाही आणि पहिल्या साठ दिवसांचे दूध सोडणे परवडत नाही, त्याने म्हशीतही त्याच वापराव्यात. तरीही दहांतील एखादे रेडकू जन्मेलच, आणि त्यालाही दहाव्या दिवशी जंताचे औषध द्यावे लागेल.